विराटाचा दरबार : नाट्याचार्य खाडिलकरांचे जीवन आणि त्यांच्या नाटकांतील प्रतीकाचा प्रश्न

१

पदव्युत्तर वर्गात 'कीचकवध' शिकविताना फळ्यावर एक कोष्टक हमखास मांडले जाते. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ पक्ष आणि भीम म्हणजे जहाल पक्ष. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते जसेच्या तसे परत येते आणि बहुतेकांच्या दृष्टीने नाटक तेथे संपते. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हे कोष्टक मांडले आहे. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले की, या कोष्टकात विराट राजा कोठे बसतो? त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे त्या प्रश्नाच्या निमित्ताने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे चरित्र पुन्हा डोळ्यांखालून घालावे लागले, आणि नाटकाचे मर्म कदाचित त्या मोकळ्या राहिलेल्या जागेतच असावे, असे वाटू लागले. चरित्राच्या आधारे प्रतीकाचा शोध घेण्यात धोके आहेत, याची जाणीव ठेवूनच पुढील विवेचन केले आहे.

२

खाडिलकरांचा जन्म १८७२ साली सांगली येथे झाला. सांगली ही त्या काळी पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती आणि मराठी रंगभूमीच्या इतिहासात तिचे स्थान आधीच निश्चित झाले होते. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले ते १८४३ साली, याच गावी. 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल हे जवळच्या हरिपूरचे. पौराणिक कथेला रंगमंचावर उभे करण्याची परंपरा, आणि समाजाचा प्रश्न नाटकातून मांडण्याची वृत्ती, अशा दोन्ही गोष्टी या परिसरात नांदत होत्या.

परंतु सांगलीचे आणखी एक वैशिष्ट्य येथे लक्षात घ्यावयास हवे. कृष्णेच्या वरच्या अंगाला सातारा. तेथील छत्रपतींचे राज्य इंग्रजांनी १८४८ साली खालसा केले होते. सांगली मात्र संस्थान म्हणून टिकून राहिली. तेथे राजा होता, दरबार होता, मानपान होते. पण दक्षिण मराठा जहागिरींवर देखरेख ठेवणारा पोलिटिकल एजंटही होता. सिंहासन एकाचे आणि सत्ता दुसऱ्याची, ही स्थिती खाडिलकरांना केवळ ग्रंथांतून कळावी लागली नाही. ज्या गावी त्यांचे बालपण गेले, त्या गावच्या राज्यव्यवस्थेचा तो नित्याचा भाग होता.

शालेय शिक्षण सांगलीत पूर्ण करून ते उच्च शिक्षणासाठी पुण्यास गेले आणि १८९२ साली बी. ए. झाले. याच सुमारास, १८९३ मध्ये, त्यांनी 'सवाई माधवरावांचा मृत्यू' हे नाटक लिहिले. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' आणि 'ऑथेल्लो' या दोन शोकात्मिकांचे संस्कार त्यावर स्पष्ट दिसतात. येथेही मध्यभागी आहे तो नावाचा धनी असलेला, परंतु स्वतःच्या इच्छेने काहीच करू न शकणारा एक तरुण पेशवा. पहिल्याच नाटकासाठी हा विषय निवडला जावा, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. 'कांचनगडची मोहना' हे त्यांचे दुसरे महत्त्वाचे नाटक १८९८ सालचे.

३

सांगलीत काही काळ शिक्षकी आणि त्यानंतर मुंबईत कायद्याचा अभ्यास, असे टप्पे ओलांडून खाडिलकर १८९७ च्या सुमारास 'केसरी'त दाखल झाले. लोकमान्य टिळकांचे सान्निध्य हा त्यांच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंग होय. विसाव्या शतकाच्या आरंभी ते नेपाळमध्ये जाऊन राहिले. कौलांचा कारखाना काढण्याचे निमित्त होते. त्याआड शस्त्रनिर्मितीचा विचार होता. तो बेत सिद्धीस गेला नाही. वर एक आणि आत दुसरे, असे दुहेरी जगणे म्हणजे काय, याचा अनुभव मात्र त्यांच्या गाठी जमा झाला. अज्ञातवासाची कथा पुढे त्यांच्या हाती आली, ती अशा अनुभवानंतर.

वृत्तपत्रीय लेखनाने त्यांच्या शैलीला विशिष्ट वळण दिले. त्यांचे संवाद अग्रलेखासारखे चालतात : प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण ताकदीने मांडावयाचे, त्यातील दुवे एकेक करून तपासावयाचे, आणि मग आवाज चढवीत निष्कर्षाप्रत यावयाचे. त्यांची पात्रे बोलत नाहीत, व्याख्यान देतात, हा आक्षेप टीकाकारांनी घेतला आहे आणि तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि या शैलीचा एक लाभही आहे. अग्रलेखकाला एकच बाजू मांडावी लागते. नाटककाराला दोन्ही बाजूंना जिवंत वाणी द्यावी लागते. 'केसरी'तील खाडिलकर एकपक्षीय आहेत. रंगभूमीवरील खाडिलकर स्वतःशीच वाद घालताना दिसतात.

४

'कीचकवध'चा पहिला प्रयोग महाराष्ट्र नाटक मंडळीने फेब्रुवारी १९०७ मध्ये केला. वंगभंगाला दीड वर्ष होऊन गेले होते. कर्झन १९०५ मध्येच हिंदुस्थान सोडून गेला होता. काँग्रेसमधील मवाळ-जहाल दुफळी उघड झाली ती सुरतेस, डिसेंबर १९०७ मध्ये, म्हणजे प्रयोगानंतर दहा महिन्यांनी. हा कालक्रम ध्यानात घेतला म्हणजे घडून गेलेल्या राजकारणाचे नाट्यमय वृत्तान्तकथन, असे या नाटकाचे स्वरूप राहत नाही. आधी येथे प्रश्न आला. घटना मागाहून आली.

कथाभाग विराटपर्वातील आहे. राणी सुदेष्णेचा भाऊ आणि विराटाचा सेनापती कीचक सैरंध्रीची अभिलाषा धरतो. अज्ञातवासातील पांडव वेषांतर करून तेथेच आहेत. युधिष्ठिर संयमाचा आणि राजाकडून न्याय मिळेल या भरवशाचा पक्ष घेतो. भीमाला तत्काळ प्रतिकार हवा आहे. महाभारतात कीचकाचा वध नर्तनशाळेत होतो. खाडिलकरांनी तो भैरवाच्या देवळात घडविला. हा बदल लहान दिसतो, पण त्याचा परिणाम मोठा आहे. नर्तनशाळा हे राजवाड्याचे अंग होय. भैरव हा गावाच्या वेशीचा राखणदार. सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांत भैरोबाचे ठाणे ठाऊक नाही असा प्रेक्षक सापडणे कठीण. राजवाड्यात न मिळालेला न्याय येथे ग्रामदैवताच्या गाभाऱ्यात मिळतो. हे प्रतीक कोष्टकात बसविता येत नाही. ते स्थळातून आणि श्रद्धेतून प्रेक्षकाच्या मनात उतरते.

आता विराटाकडे वळू. विराट दुष्ट नाही. सैरंध्रीवर अन्याय होत आहे, हे त्याला कळते. परंतु ज्याच्या बळावर राज्य टिकले आहे, त्या सेनापतीला तो दुखवू शकत नाही. न्यायासन त्याचे, पण न्याय देण्याची शक्ती त्याच्यापाशी नाही. संस्थानी दरबाराच्या छायेत वाढलेल्या नाटककाराला हा राजा परका वाटला नसावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. खाडिलकरांनी विराटाच्या रूपाने अमुक एका संस्थानिकाचे चित्र रेखाटले, असा दावा येथे करावयाचा नाही. तसे म्हटल्यास आपण कोष्टकात आणखी एक ओळ वाढवू, एवढेच. म्हणणे निराळे आहे. विराटाच्या भोवती दरबारी आहेत. ते अन्याय पाहतात आणि गप्प राहतात. १९०७ साली नाट्यगृहात बसलेला प्रेक्षक कोण होता? वकील, शिक्षक, कारकून, वतनदार, संस्थानी नोकर. त्यातील फारच थोडे भीम होते, आणि युधिष्ठिर होण्याइतका विवेकही थोड्यांपाशीच होता. बहुतेकांची जागा विराटाच्या दरबारात होती. नाटकाने कीचकाकडे बोट दाखविले, हे सर्वांनी पाहिले. खरी अस्वस्थता त्या दरबाराने निर्माण केली, याकडे मात्र समीक्षेचे पुरेसे लक्ष गेले नाही.

५

सरकारने हे नाटक काळजीपूर्वक वाचले होते, असे म्हणावे लागते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचा जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध अनंत कान्हेरे यांनी केला, तो विजयानंद नाट्यगृहात, देवलांच्या 'शारदा'च्या प्रयोगप्रसंगी. बालाजरठ विवाहाविरुद्ध लिहिलेल्या त्या नाटकाचा राजकारणाशी काही संबंध नव्हता. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९१० मध्ये, 'कीचकवध'वर बंदी आली. कर्झनचे वा इंग्रजांचे नाव त्यात एकदाही येत नाही, तरीही. त्याच वर्षी व्हॅलेंटाइन चिरोल याने हिंदुस्थानातील असंतोषावरील आपल्या पुस्तकात या नाटकाची दखल घेतली आणि कोणते पात्र म्हणजे कोण, हे इंग्रज वाचकाला उलगडून सांगितले.

येथे एक विचित्र सत्य समोर येते. आपण वर्गात जे कोष्टक मांडतो, ते नाटकाच्या शत्रूनेच छापून प्रसिद्ध केलेले आहे. बंदी घालण्यासाठी ते पुरेसे होते, कारण बंदी घालणाऱ्याला एकच अर्थ सिद्ध करावयाचा असतो. साहित्याच्या अभ्यासकाने तेवढ्यावरच थांबावे काय, हा खरा प्रश्न आहे. प्रतीकाला एकच अर्थ असेल तर ते कुलूप ठरते. किल्ली फिरली की त्याचे काम संपते. 'कीचकवध' आजही वाचताना मनावर दडपण येते, याचा अर्थ तेथे एकापेक्षा अधिक अर्थ नांदत असले पाहिजेत.

६

दरम्यान, १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि 'केसरी'ची संपादकीय धुरा काही काळ खाडिलकरांवर आली. १९०९ मध्ये 'भाऊबंदकी' रंगभूमीवर आले. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनानंतर राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे हे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. कृष्णा-वेण्णा संगमावरील या गावच्या न्यायाधीशाला खाडिलकरांनी नाटकाचे नैतिक केंद्र बनविले. एक वर्षापूर्वीच सत्तेच्या न्यायासनाने त्यांच्या गुरूला शिक्षा सुनावली होती. आता रंगमंचावर न्यायासन सत्तेला शिक्षा सुनावत होते. विराटाला जे जमले नाही, ते रामशास्त्री करून दाखवितात. त्यांच्या हाती शस्त्र नाही आणि पाठीशी सैन्यही नाही. आहे ते केवळ पदाशी प्रामाणिक राहण्याचे धैर्य. 'कीचकवध'मधील मोकळी जागा 'भाऊबंदकी'ने भरून काढली, असे म्हणता येईल. या दोन नाटकांचे वाचन एकमेकांपासून तोडून करू नये, असे या लेखकाचे मत आहे.

त्यानंतरच्या संगीत नाटकांत हा स्वर मवाळ झाला, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. 'मानापमान' (१९११), 'विद्याहरण' (१९१३), 'स्वयंवर' (१९१६) आणि 'द्रौपदी' (१९२०) यांत बालगंधर्वांचे गायन आणि वैभवशाली नेपथ्य यांनी प्रेक्षकांना भारून टाकले. तरीही संपत्ती आणि पराक्रम यांत श्रेष्ठ कोण, सामर्थ्यवान पुरुष व्यसनाच्या आहारी गेला म्हणजे त्याच्या विद्येचे काय होते, हे प्रश्न त्यांतही आहेतच. ८ जुलै १९२१ रोजी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी केलेला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी होता, हा योगायोग म्हणता येणार नाही.

७

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक निवर्तले. त्यांच्या अनुयायांपैकी अनेकांनी गांधींचे नेतृत्व नाकारले. भीमाचा कैवारी मानला गेलेला हा नाटककार मात्र असहकाराच्या बाजूने उभा राहिला. मुंबईस 'लोकमान्य' पत्राची धुरा काही काळ वाहून त्यांनी मार्च १९२३ मध्ये 'नवाकाळ' सुरू केले. १९२९ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली. ज्या संयमाला पूर्वी रंगमंचावर भीमाकडून उत्तर मिळाले होते, त्या संयमातही प्रतिकाराचे सामर्थ्य असू शकते, असा शोध त्यांना उत्तरायुष्यात लागला असावा. पक्षनिष्ठेच्या मापाने पाहिले तर ही विसंगती ठरेल. पण १९०७ च्या नाटकात युधिष्ठिराची बाजू इतक्या कसोशीने का मांडली गेली, याचा उलगडाही त्यातूनच होतो. दोन्ही आवाज त्यांचेच होते. लेखकाचा आत्मस्वर नाटकात शोधावयाचा तो एखाद्या पात्राच्या मुखात नव्हे, तर पात्रांमधील अनिर्णित वादात, हा धडा खाडिलकरांचे आयुष्य देते.

१९३३ च्या नागपूर येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. शेवटच्या कालखंडात त्यांचे लेखन उपनिषदे आणि वैदिक सूक्ते यांच्या चिंतनाकडे वळले. २६ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले होते. पुढील वर्षी सांगली हे दक्षिण सातारा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले आणि १९६० मध्ये जिल्ह्याला सांगलीचे नाव मिळाले. विराटाचा दरबार इतिहासजमा झाला.

परंतु अन्याय होताना पाहत गप्प बसणारा दरबारी इतिहासजमा झाला आहे, असे कोण म्हणेल? त्या विद्यार्थिनीला आता उत्तर देता येईल. कोष्टकात विराटाच्या समोरची जागा रिकामी ठेवावी, आणि वाचकाने तेथे प्रथम स्वतःला उभे करून पाहावे. कर्झनचे नाव माहीत नसलेल्या पिढीलाही हे नाटक शिकविता येईल ते याच वाटेने.