विचारांच्या बीजगणितातून घनाकृती

संगणकाच्या पडद्यावर यंत्राचा एखादा भाग रचणाऱ्या अभियंत्याला तीन आज्ञा पदोपदी द्याव्या लागतात. दोन घनाकृती जोडून एक करणे, एकीतून दुसरी वजा करणे किंवा दोहोंतील सामाईक भाग तेवढा राखणे. 'ऑटोकॅड'सारख्या प्रणालींत युनियन, सबट्रॅक्ट आणि इंटरसेक्ट या नावांनी परिचित असलेल्या या क्रियांना एकत्रितपणे 'बूलियन' म्हटले जाते. ज्यांच्यामुळे हा शब्द रूढ झाला, त्या जॉर्ज बूल यांनी संगणक पाहिलाही नव्हता.

२ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन येथे बूल यांचा जन्म झाला. वडील पादत्राणे बनवीत. पण दुर्बिणी आणि प्रकाशीय उपकरणे यांतच त्यांचा जीव रमे. धंदा बुडाला आणि सोळाव्या वर्षी जॉर्जवर कुटुंबाचा भार येऊन पडला. डॉनकास्टर येथे शिक्षकाची नोकरी आणि एकोणिसाव्या वर्षी लिंकनमध्ये स्वतःची शाळा, अशा धकाधकीत विद्यापीठाचे शिक्षण त्यांच्या वाट्याला आलेच नाही. भाषा आणि उच्च गणित त्यांनी पुस्तकांच्या आधारे आत्मसात केले. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांच्या निबंधाला पदक दिले आणि १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजात हा पदवीहीन शिक्षक गणिताचा प्राध्यापक झाला.

तर्कशास्त्र तोवर तत्त्वज्ञांच्या ताब्यात होते. बूल यांनी ते समीकरणांत आणले. १८४७ आणि १८५४ मधील त्यांच्या दोन ग्रंथांत अक्षरे संख्यांसाठी नव्हे, तर वस्तूंच्या समूहांसाठी येतात. क्ष आणि य यांचा गुणाकार म्हणजे दोहोंत असलेल्या वस्तू. क्ष गुणिले क्ष म्हणजे पुन्हा क्षच. 'क्ष मध्ये आहे, पण य मध्ये नाही' हेही सूत्रबद्ध झाले. बूल यांची बेरीज मात्र परस्परांत न मिसळणाऱ्या समूहांपुरतीच होती. ती मर्यादा पुढे जेव्हन्स यांनी दूर केली.

१८५५ मध्ये बूल यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झाला. भारताचे सर्व्हेअर जनरल राहिलेले जॉर्ज एव्हरेस्ट हे मेरी यांचे काका. या दांपत्याला पाच मुली झाल्या. १८६४ च्या हिवाळ्यात बूल भर पावसात सुमारे तीन मैल चालत कॉलेजात गेले आणि ओल्या कपड्यांनिशीच त्यांनी व्याख्यान दिले. त्यातून फुप्फुसांचा विकार जडला व ८ डिसेंबरला, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मेरी यांनी लंडनमध्ये नोकरी पत्करून संसार सावरला. तेव्हा चार वर्षांची असलेली अ‍ॅलिशिया पुढे, औपचारिक शिक्षण नसतानाही, चार मितींतील घनाकृतींची अभ्यासक झाली. त्यांच्या छेदांच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृती तिने स्वतः घडवल्या. १९१४ मध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली.

बूल यांच्या बीजगणिताला व्यवहारात स्थान मिळायला मात्र वेळ लागला. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी ते विद्युतमंडलांना लावले. १९७० च्या दशकात केंब्रिज येथे इयन ब्रेड आणि अमेरिकेत रॉचेस्टर येथे व्होल्कर व रेकिचा यांनी घनाकृतींच्या संगणकीय रचनेत या क्रियांना स्थान दिले. घनाकृती म्हणजे अवकाशातील बिंदूंचा समूह, एवढे मान्य केले की बाकीचे बूल यांचेच. पोलादी पट्टीला भोक पाडायचे, तर पट्टीत असलेले, पण दंडगोलात नसलेले बिंदू तेवढे ठेवायचे. कोणत्या आकृतीवर कोणती क्रिया कोणत्या क्रमाने झाली, याची नोंद संगणक राखतो. म्हणून दंडगोलाचा व्यास बदलला की तीच क्रिया पुन्हा करून नवे भोक तयार होते. कॉर्कच्या प्राध्यापकाने विचारांसाठी शोधलेले नियम आज पोलादाला आकार देत आहेत.