झाडू घेतला, दारूबंदी विसरले

गाडगेबाबा म्हटले की सरकारला फक्त झाडू आठवतो. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, गावांना बक्षिसे वाटली. त्याला आमचा विरोध नाही. पण बाबा दिवसा रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसांची डोकी साफ करायचे. तिथे घाव पडायचा तो दारूवर, देवापुढे कापल्या जाणाऱ्या बकऱ्यावर आणि सावकारी कर्जावर. दारूच्या महसुलावर चालणाऱ्या सरकारांना हे गाडगेबाबा परवडणारे नव्हते, म्हणून झाडू तेवढा उचलला गेला.

दारूचा राग बाबांनी कुठल्या पोथीतून घेतला नव्हता. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात, परीट कुटुंबात डेबूजीचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूपायी गेले आणि संसार उघड्यावर आला. आई सखूबाई पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला भावाकडे आली. डेबूने तिथे गुरे राखली, नांगर धरला. मामाची जमीन सावकाराच्या घशात जातानाही त्याने पाहिले. दारू, कर्ज आणि निरक्षरता एकमेकींना कशा पोसतात, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारू देण्याची रीत त्याने मोडली व गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रुसले. आज हे किरकोळ वाटेल. त्या काळी जातपंचायतीची नाराजी ओढवून घेणे म्हणजे वाळीत पडण्याची तयारी ठेवणे होते. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले.

बाबांची रीत आरोग्य खात्याने अभ्यासावी अशी आहे. ते फर्मान सोडत नसत. वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारत आणि उत्तर समोरच्या शेतकऱ्याकडून, मजुराकडून वदवून घेत. व्यसनावर जाणारा पैसा पोरांच्या शिक्षणाला लावा, घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल, असा त्यांचा आग्रह असे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, ती याच विचाराने. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी बाबाही गेले.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात आपल्या माणसांनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली होती. मग आमच्या जयंतीच्या मिरवणुकीत काही तरुण पिऊन का नाचतात? वस्तीच्या तोंडाशी तंबाखूची टपरी आधी आणि वाचनालय नंतर का येते? सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम २००८ पासून आहेत, राज्यात गुटखाबंदी २०१२ मध्ये आली. कायदा झाला, पण वस्तीत रोज संध्याकाळी बसून बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याला आणि पुडी फोडणाऱ्या पोराला प्रश्न विचारणारे कोणी उरले नाही. हे काम कार्यकर्त्यांचे आहे. नुसत्या पोस्टरने ते होत नाही.

मुंबईत दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे गरीब कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेली माणसे, उपचारांसाठी घरातले किडूकमिडूक विकून आलेली, त्या दारात उभी राहतात.