मोगलीचा जनक

मोगली, बगीरा आणि शेरखान यांना न ओळखणारे मूल विरळाच. त्यांचा निर्माता रड्यार्ड किपलिंग हा मुंबईकर होता. ३० डिसेंबर १८६५ रोजी सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या आवारात त्याचा जन्म झाला. त्याचे वडील तेथे शिल्पकला शिकवीत. जवळच्या क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरील शिल्पेही त्यांचीच.

लहानग्या रड्यार्डला आया पहाटे फळबाजारात फिरावयास नेई. तिच्या आणि मीता नावाच्या हिंदू नोकराच्या तोंडून तो गोष्टी ऐके. हिंदुस्थानी बोली त्याच्या जिभेवर इतकी रुळली होती की, आईबापांपुढे जाताना इंग्रजी बोलण्याची त्यास आठवण करून द्यावी लागे! सहावे वर्ष सरण्यापूर्वीच, १८७१ साली, त्याला व धाकट्या बहिणीला शिक्षणासाठी विलायतेत परक्या घरी ठेवण्यात आले. तेथे त्याचा फार छळ झाला.

१८८२ मध्ये परतून तो लाहोरास वृत्तपत्रात काम करू लागला. पुढे अमेरिकेत राहत असताना त्याने मोगलीच्या कथा लिहिल्या. १८९४ साली ‘जंगल बुक’ प्रसिद्ध झाले. १९०७ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले.

१९०१ सालच्या ‘किम’ या साहसकथेत लाहोरच्या गल्ल्या, रस्त्यावरील यात्रेकरू आणि वृद्ध तिबेटी लामा त्याने विलक्षण ममतेने रंगविले आहेत. पण त्याच पुस्तकात सुशिक्षित बंगाली बाबू हुशार असूनही हास्यास्पद ठरतो, आणि १८५७ चा उठाव एका हिंदी शिपायाच्याच तोंडून केवळ वेड म्हणून वर्णिला जातो. त्या शिपायाच्या तोंडी ते शब्द कोणी घातले, हे वाचकाने विसरू नये. गोऱ्यांनी इतरांवर राज्य करणे हे त्यांचे कर्तव्यच होय, असे सांगणारी कविता किपलिंगने १८९९ साली लिहिली होती. जालियनवाला बागेत गोळीबार करविणाऱ्या जनरल डायरसाठी उभारलेल्या निधीसही त्याने वर्गणी दिली. ज्या लोकांच्या गोष्टींवर तो वाढला, ते स्वतःचा कारभार पाहू शकतील हे मात्र त्यास कधी पटले नाही.

१८ जानेवारी १९३६ रोजी तो वारला. अखेरच्या काळात लिहिलेल्या आत्मचरित्रात त्याची पहिली आठवण मुंबईची आहे : पहाटेचा उजेड आणि फळांचे रंग. त्या आठवणींत मीताचे नाव आहे. बोट धरून बाजारात नेणाऱ्या आयाचे मात्र नाही.