क्रूसाच्या वाटेवरील वारकरी : रेव्हरंड नारायण वामन टिळक

तापीकाठच्या आमच्या या खानदेशात चैत्राचे ऊन चढू लागले की रामनवमीची, हनुमान जयंतीची लगबग घरोघरी सुरू होते. याच दिवसांच्या आगेमागे ख्रिस्ती घरांतून उत्तम शुक्रवार पाळला जातो. त्याचा दिवस दरवर्षी बदलतो, कारण तो आपल्या तिथीप्रमाणेच चंद्रावर ठरतो. वसंतसंपातानंतरची पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर, आणि त्याच्या आधीचा शुक्रवार हा येशू ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणाचा दिवस. आपल्याकडे सण म्हटला की जन्म आठवतो. दुपारी बारा वाजता रामजन्माचा पाळणा हलतो, अष्टमीच्या मध्यरात्री कृष्णजन्म होतो. ज्या धर्मात एका देहान्ताच्या दिवसाला उत्तम म्हणतात, दुपारी बारापासून तीन वाजेपर्यंत देवळात बसून त्या देहान्ताच्या घटकांचे मनन करतात, तो धर्म आपल्या भाविक वाचकांना काहीसा अनोळखी वाटणे स्वाभाविक आहे. ही अनोळख दूर व्हावी म्हणून आम्ही आज एका मराठी माणसाचे चरित्र सांगणार आहोत. कोकणात जन्मलेला, नाशकात शिकलेला आणि खानदेशाच्या साहित्याशी मायेने जोडला गेलेला हा पुरुष म्हणजे फुलांमुलांचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी त्यांचा जन्म झाला. घर चित्पावन ब्राह्मणाचे. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने अतिशय कडक. आई जानकीबाई मात्र मृदू, पदे-अभंगांची आवड असलेली. कवित्वाचा वारसा नारायणरावांना आईकडून मिळाला आणि आई लहानपणीच गेली. पोरकेपण घेऊन हा मुलगा नाशकात आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्याने संस्कृताचे अध्ययन केले, थोडेसे इंग्रजी शिक्षणही घेतले. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. तिचे सासरचे नाव लक्ष्मी. ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी भाषेला कायमचे ऋणी करून ठेवणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक त्या ह्याच.

टिळकांच्या तरुणपणी त्यांचा पाय एका ठिकाणी ठरत नसे. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी पुराणिक, असे त्यांचे चालू असे. नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले; धर्मचर्चेसाठी एक मासिकही चालविले. मनात एक गोष्ट सलत होती. जातिभेदाने पोखरलेल्या या देशाला एकत्र बांधील असा धर्म कोणता? एक वेळ अशी होती की नवा धर्म आपणच स्थापावा असेही त्यांच्या मनाने घेतले होते.

अशा अवस्थेत १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपियन मिशनऱ्याशी गाठ पडली. दोघांत काव्याच्या व धर्माच्या गोष्टी झाल्या. उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांनी प्रत घेतली ती काहीशा अनिच्छेने. परंतु वाचता वाचता ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथे खिळले. वैऱ्यावर प्रेम करावे, छळणाऱ्याचे हित चिंतावे, एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करावा, ही वचने त्यांच्या अंतःकरणास चटका लावून गेली.

येथे थोडे थांबावेसे वाटते. ख्रिस्ती उपदेशकांचा त्या काळचा प्रघात असा की, आरंभ मनुष्याच्या पापापासून करावयाचा आणि ख्रिस्ताने क्रूसावर मरण सोसून त्या पापाचे प्रायश्चित्त केले या सिद्धान्तावर श्रोत्यास आणून सोडावयाचे. टिळक या वाटेने आत गेले नाहीत. ते शिकवणुकीच्या दाराने गेले. मग क्रूस त्यांच्या श्रद्धेच्या गाभ्यात कसा आला? आम्हांस वाटते, तो त्या प्रवचनाच्याच पोटातून आला. वैऱ्यावर प्रेम करा असे सांगणे सोपे. ज्याने ते सांगितले, त्याच्या हातापायांत खिळे ठोकले जात असता त्याने ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, असे शुभवर्तमान सांगते. डोंगरावर दिलेला शब्द टेकडीवर पाळला गेला. आपल्याकडे हे समजण्यास नाथमहाराजांची कथा पुरेशी आहे. गोदेवरून स्नान करून येणाऱ्या एकनाथांच्या अंगावर कोणी पुन्हा पुन्हा थुंकावे, आणि नाथांनी न रागावता पुन्हा पुन्हा गंगेत उतरावे. त्या कथेत शांतीवरचे शंभर श्लोक सामावले आहेत.

मात्र साम्य सांगताना भेदही सांगितला पाहिजे. क्रूस हा मूळचा पूजेचा विषय नव्हे. रोमन साम्राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना भररस्त्यावर यातना देऊन मारण्याचे ते साधन होते. म्हणून मराठी बायबलात त्याला वधस्तंभ असा शब्द आला. क्रूस हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे उतरला. ज्याला शहराबाहेर नेऊन असे मारले तो देवाचा पुत्र, हे म्हणणे त्या काळच्या यहुद्यांना अडखळण आणि ग्रीक विद्वानांना वेडगळपणा वाटे. हे स्वतः पौल प्रेषिताने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात मोकळेपणाने मान्य केले आहे. तरीही त्याने आपला सारा उपदेश त्याच एका गोष्टीवर उभा केला. शिवाय, ख्रिस्ती माणूस या घटनेला पुराणकथा मानीत नाही. पंतय पिलात नावाच्या रोमन अधिकाऱ्याचे नाव तो आपल्या श्रद्धेच्या कबुलीत दर उपासनेला उच्चारतो. अमक्या ठिकाणी, अमक्याच्या अमदानीत हे घडले, असा त्याचा आग्रह असतो. समुद्रमंथनातील हलाहल नीलकंठाने जगासाठी प्राशन केले ही कथा आपल्या मनाला जवळची. परंतु ती घेऊन क्रूसाशी तंतोतंत जुळवू गेल्यास दोन्ही धर्मांवर अन्याय होईल.

पुन्हा टिळकांकडे वळू. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या वेळी लक्ष्मीबाई जवळ नव्हत्या. लहानग्या मुलाला घेऊन त्या माहेरच्या माणसांत होत्या, आणि नवरा बाटला ही बातमी त्यांच्यावर आकाश कोसळावे तशी कोसळली. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीला या बातमीचा अर्थ काय होता हे आमच्या वाचक भगिनींना वेगळे सांगावयास नको. नवरा हयात, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. कपाळी कुंकू, पण संसार नाही. पुढे बहिणीच्या आधाराने त्या पंढरपुरास राहिल्या. विठ्ठलाच्या सावलीत त्यांनी ते दिवस काढले, काव्य केले, रडल्या. आम्ही टिळकांचे चाहते आहोत. तरी त्यांच्या या निर्णयाची किंमत त्यांच्या आधी त्यांच्या पत्नीने भरली, हे झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. एका बाजूने मात्र त्यांचा पक्ष मांडलाच पाहिजे. १८६६ च्या कायद्याप्रमाणे, धर्मांतर केलेल्या माणसाची पत्नी त्याच्याकडे नांदण्यास येत नसेल तर त्याला न्यायालयातून विवाहबंधन तोडून घेण्याची मुभा होती. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. ते वाट पाहत राहिले.

जवळजवळ पाच वर्षांनी लक्ष्मीबाई परतल्या, त्या स्वधर्मातच राहण्याच्या बोलीने. सोवळे-ओवळे त्यांनी पाळले आणि टिळकांनी ते पाळू दिले. पुढे जातिभेद ईश्वराने केलेला असणे शक्य नाही, हा विचार त्यांच्या मनात आपोआप उजाडला आणि सोवळे गळून पडले. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

टिळकांचे कार्यक्षेत्र आता अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे झाले. तेथील अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते शिकवीत, उपदेश करीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. मिशनच्या देवळांतून तोवर गायिली जाणारी पुष्कळ गीते इंग्रजी चालींची व भाषांतरित होती. टिळकांना हे रुचेना. मराठी माणूस रडतो तो अभंगात आणि नाचतो तोही अभंगात, हे त्यांना ठाऊक होते. नगर भागात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पूर्वीच पाडली होती. टिळकांनी टाळ-मृदंगाच्या त्या वाटेला आपल्या प्रतिभेचे बळ दिले. शेकडो पदे व अभंग त्यांनी रचले. आजही महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळी उपासनेत जी गीते गातात त्यांतील मोठा भाग टिळकांचा आहे. त्यांच्या ‘अभंगांजली’तला ख्रिस्त हा सद्गुरू आहे आणि माउलीही आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत. योगायोग असा की, त्याच मिशनमधील जस्टिन ॲबट यांनी पुढे आपले उत्तरायुष्य मराठी संतांची चरित्रे व वाणी इंग्रजीत नेण्यास वाहिले.

आता खानदेशाकडे. १९०७ साली जळगाव येथे डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. धरणगावचा एक सतरा वर्षांचा मुलगा तेथे उभा राहिला आणि त्याची कविता ऐकून सभा थक्क झाली. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे त्याचे नाव; बालकवी ही पदवी त्याला येथेच मिळाली. या संमेलनात टिळकांची व त्याची गाठ पडली आणि टिळकांनी त्या पोरसवदा कवीला आपल्या नगरच्या घरी नेले. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर आईची माया केली. बालकवी त्या ख्रिस्ती घरात वावरले, आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिले. ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. ज्याने स्वतः धर्मांतर केले, त्याच्या चुलीपाशी बसलेल्या पोराला आपला धर्म सोडावा लागला नाही. आधुनिक मराठी कवितेच्या ज्या पंचकाचा आपण आदराने उल्लेख करतो, त्यात केशवसुत, टिळक, विनायक, गोविंदाग्रज आणि बालकवी येतात. पैकी विनायक धुळ्याचे, बालकवी धरणगावचे; आणि बालकवींच्या डोक्यावर हात ठेवणारे टिळक. खानदेशाने एवढा अभिमान बाळगण्यास हरकत नसावी. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्थानकानजीक रेल्वेखाली सापडून बालकवींचा अंत झाला. त्यांचे वय तेव्हा अठ्ठावीसही पुरते नव्हते.

त्याच्या आदल्या वर्षी, १९१७ मध्ये, टिळकांनी एक मोठे पाऊल उचलले होते. मिशनचा पगार घेऊन ख्रिस्ताची सेवा करणे त्यांना सलू लागले. परदेशी पैशावर चालणारा धर्म या मातीत रुजणार नाही, येथे लोक त्यागाला मानतात, हे त्यांनी ओळखले. पगार सोडून ते संन्यस्त वृत्तीने राहू लागले. साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ नावाची भक्तांची मंडळी त्यांनी उभी केली. तिच्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशीच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही होती. मिशनमधील काही सहकाऱ्यांना हे पटणे कठीण होते. पण आपला क्रूस रोज उचलून मागे यावे, ही जी ख्रिस्ताची आज्ञा तिचा टिळकांनी लावलेला अर्थ हा असा होता. व्याख्यानात क्रूस वर्णन करून घरी सुखाने जेवणे त्यांना जमले नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली गीतेवर प्रवचने देणाऱ्या विनोबांनी पुढे ख्रिस्तधर्माचेही सार काढले, ते याच अंगाकडे लक्ष ठेवून, असे आम्हांस वाटते.

संन्यस्त जीवन त्यांना फार दिवस लाभले नाही. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. बालकवींना जाऊन एक वर्ष आणि चार दिवस झाले होते.

टिळकांचे एक मोठे काम अपुरे राहिले होते. ख्रिस्ताचे समग्र चरित्र मराठी काव्यात गावे, रामायण जसे घरोघरी वाचले जाते तसे ‘ख्रिस्तायन’ वाचले जावे, ही त्यांची आकांक्षा. आरंभीचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले. जन्म आणि बालपण यांच्या पुढची कथा, ते डोंगरावरील प्रवचन, तो विश्वासघात, ती रात्र आणि क्रूसाचा तो शुक्रवार, हे सारे लिहावयाचे राहिलेच होते. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. त्यांचे शाळेतील शिक्षण जवळजवळ नव्हतेच. लिहिणेवाचणे शिकल्या त्या संसारात. आता वयाच्या उतारावर बसून त्यांनी साठांहून अधिक अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. ग्रंथ १९३८ साली छापून निघाला. नवऱ्याने ज्याच्यासाठी घर सोडले त्या ख्रिस्ताला क्रूसावर खिळल्याची कथा मराठीत ओवीबद्ध झाली, ती चाळीस वर्षांपूर्वी पंढरपुरात त्याच्याच नावाने अश्रू ढाळणाऱ्या बाईच्या हातून.