दोन देशांनी दार बंद केलेला लोकप्रतिनिधी : शापुरजी सकलातवाला

ब्रिटिश संसदेत निवडून गेलेल्या भारतीयांचा विषय निघाला की दादाभाई नौरोजी यांचे नाव सर्वप्रथम ओठांवर येते. दादाभाई १८९२ साली निवडून आले. त्यांच्यामागून १८९५ साली मंचरजी भावनगरी आले. तिसरे होते शापुरजी दोराबजी सकलातवाला. हे तिघेही पारशी आणि तिघांचाही मुंबईशी निकटचा संबंध; परंतु तिसऱ्याची वाट पहिल्या दोघांहून सर्वस्वी निराळी होती. परमुलखात पोट भरण्यासाठी गेलेल्या माणसाचा, गिरणीतल्या मजुराचा आणि जहाजावरल्या खलाशाचा आवाज साम्राज्याच्या राजधानीत उठवणारा हा लोकप्रतिनिधी आज आपल्याकडे जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या जीवनाचा हा अल्प परिचय.

शापुरजींचा जन्म २८ मार्च १८७४ रोजी मुंबईत झाला. वडील व्यापारी आणि आई जेरबाई ही उद्योगपती जमशेटजी टाटा यांची सख्खी बहीण. घरी लक्ष्मीचा वास होता आणि भवितव्य जणू आधीच ठरलेले होते. सेंट झेवियर शाळेत व महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. परंतु १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि या तरुणाने शहराचे दुसरे रूप पाहिले. रोगप्रतिबंधक लस तयार करणारे डॉ. हाफकिन यांच्यासमवेत त्यांनी साथनिवारणाचे काम केले. साथ कोंदट चाळींत, एकेका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या कष्टकऱ्यांत अधिक पसरते. रोग जरी जंतूंमुळे होत असला तरी त्याला बळी कोणी पडायचे हे दारिद्र्य ठरवते, हा धडा त्या दिवसांत मिळणे अटळ होते.

पुढे टाटांच्या नियोजित पोलाद कारखान्यासाठी लोहखनिज, कोळसा व चुनखडी यांचा शोध घेण्याच्या कामावर ते जंगलात गेले. तेथे हिवतापाने शरीर खंगले. प्रकृती सुधारावी आणि टाटांच्या मँचेस्टर येथील कचेरीचे कामही पाहावे, या दुहेरी हेतूने १९०५ साली ते इंग्लंडला रवाना झाले. डर्बीशायरमधील मॅटलॉक येथे उपचार घेत असताना तेथे काम करणाऱ्या सारा मार्श या कष्टकरी घरातील तरुणीशी त्यांचा परिचय झाला. १९०७ साली ते विवाहबद्ध झाले. या दांपत्याला पाच अपत्ये झाली.

श्रीमंत घराण्यातील मुलाने विलायतेतील उदारमतवादी मंडळींत वावरावे, हे स्वाभाविकच होते. आरंभी तसे घडलेही. परंतु ते वातावरण त्यांना मानवले नाही. १९०९ साली ते स्वतंत्र मजूर पक्षात दाखल झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतातील कामगारांच्या हितासाठी लंडनमध्ये जी संस्था उभी राहिली तिच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. १९२१ साली ते ग्रेट ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले.

त्यांच्या विचाराचे सूत्र समजून घेण्यासारखे आहे. बंगालमधील तागाच्या गिरणीत मजुराला तुटपुंजे वेतन मिळते, म्हणून स्कॉटलंडमधील डंडीच्या ताग कामगाराची रोजी धोक्यात येते. मुंबईच्या गिरणीतील स्वस्त श्रमाचा धाक लँकेशायरच्या कामगाराला दाखवला जातो. तेव्हा इंग्रज कामगाराने भारतीय कामगाराला प्रतिस्पर्धी न समजता त्याच्या वेतनवाढीसाठी झटावे. त्यातच त्याचेही हित आहे. दया किंवा उपकार यांचा या मांडणीत लवलेश नव्हता. दोघांचे पोट एकाच दोराने बांधलेले आहे, एवढाच तिचा आधार होता.

लंडनच्या दक्षिणेस थेम्सकाठी असलेली बॅटरसी ही त्या काळची कामगारवस्ती. तेथील नगरपालिकेने १९१३ साली जॉन आर्चर या कृष्णवर्णीय गृहस्थांना महापौर म्हणून निवडले होते. हेच आर्चर पुढे सकलातवालांच्या निवडणुकीचे सूत्रधार झाले. नोव्हेंबर १९२२ मध्ये उत्तर बॅटरसी मतदारसंघातून, मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर, सकलातवाला संसदेत निवडून आले. बहुसंख्य मतदार गोरे असलेल्या त्या वस्तीने परक्या रंगाच्या माणसाला आपला प्रतिनिधी केले, याची नोंद इतिहासाने ठळकपणे घ्यायला हवी. पुढच्याच वर्षी दोनशेहून कमी मतांनी त्यांचा पराभव झाला. ऑक्टोबर १९२४ मध्ये ते उघडपणे कम्युनिस्ट उमेदवार म्हणून उभे राहिले आणि पुन्हा निवडून आले. त्यानंतर १९२९ पर्यंत त्या सभागृहात ते आपल्या पक्षाचे एकमेव सभासद होते. १९२५ साली टाटांच्या कंपनीतील नोकरीही त्यांनी सोडली.

विरोधी बाकावरून बोलणे हे त्यांचे नित्यकर्म झाले. घरभाडे, बेकारी, भारतातील कामगारांची स्थिती, वसाहतींचे स्वातंत्र्य असे विषय ते सातत्याने मांडत. भारताच्या भवितव्याचा निर्णय करण्यासाठी एकाही भारतीयाचा समावेश नसलेला सायमन आयोग नेमला गेला, तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला. भारतीय खलाशांच्या संघटनेलाही त्यांचे साहाय्य होते. हे खलाशी बंगालचे, पंजाबचे, तसेच आपल्या कोकणातलेही असत. रत्नागिरीकडील कित्येक घरांची चूल आगबोटीवरल्या मिळकतीवर पेटत असे. एकाच जहाजावर गोऱ्या खलाशापेक्षा त्यांना वेतन कितीतरी कमी, जागा अपुरी आणि अन्नही निकृष्ट मिळे. १९२५ साली ब्रिटिश सरकारने एक हुकूम काढला. ज्या कृष्णवर्णीय वा गव्हाळ खलाशाजवळ ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागदोपत्री पुरावा नसेल त्याने पोलिसांत परकीय म्हणून नोंद करावी, असा त्याचा आशय होता. अनेकांजवळ असा पुरावा नव्हता. साम्राज्याची प्रजा म्हणून ज्यांचे श्रम घेतले तेच बंदरावर उतरताच परके ठरले.

परकेपणाचा हा शिक्का स्वतः सकलातवालांनाही चुकला नाही. १९२५ साली वॉशिंग्टन येथे विविध देशांच्या संसद सदस्यांची परिषद भरणार होती. ब्रिटिश प्रतिनिधी म्हणून ते जाणार, तोच अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री केलॉग यांनी त्यांचा प्रवेशपरवाना रद्द केला. मे १९२६ मध्ये ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप झाला. तत्पूर्वी कामगारदिनी हाइड पार्कमधील सभेत, सैनिकांनी संपकऱ्यांवर गोळी झाडू नये असे आवाहन त्यांनी केले होते. त्याबद्दल त्यांना अटक झाली. चांगल्या वर्तणुकीची हमी देऊन त्यांना सुटता आले असते. परंतु ती हमी त्यांनी नाकारली आणि दोन महिने कारावास पत्करला.

१९२७ च्या जानेवारीत ते मायदेशी आले. मुंबईपासून कलकत्ता व मद्रासपर्यंत त्यांच्या सभांना लोक लोटले. मार्च महिन्यात त्यांनी महात्मा गांधींना एक अनावृत पत्र लिहिले. चरख्याच्या कार्यक्रमावर त्यांत टीका होती. पण त्याहून मर्मभेदी आक्षेप दुसराच होता. लोक पायांना स्पर्श करून ती बोटे डोळ्यांना लावतात आणि ते चालू दिले जाते, ही गोष्ट त्यांना अस्पृश्यतेहूनही घातक वाटली. माणसाला माणसापुढे लहान करणारी भक्ती समतेच्या मार्गातील अडसर आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. गांधीजींनी आपल्या पत्रातून त्यास उत्तर दिले आणि दोघांचे मतभेद कायम राहिले. त्याच मार्च महिन्याच्या २० तारखेला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे ताठ मानेने पाण्याकडे चालत गेली, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. मान कोणापुढेही झुकवू नये, ही आकांक्षा त्या दिवसांत या भूमीत अनेक मुखांनी बोलत होती.

त्या दौऱ्यानंतर सरकारने त्यांच्या भारतप्रवेशावर बंदी घातली. पुढे १९२९ साली मजूर पक्ष सत्तेवर आला. ज्यांच्यासमवेत त्यांनी एकेकाळी काम केले होते त्यांचेच सरकार आले, तरीही ती बंदी उठली नाही. सकलातवालांना पुन्हा मातृभूमीचे दर्शन घडले नाही.

त्यांच्या आयुष्यात विसंगतीही होत्या. १९२७ च्या जुलैमध्ये त्यांनी लंडनमध्ये आपल्या मुलांचा नवजोत विधी जाहीरपणे केला. त्यांच्या पक्षाला ते रुचले नाही आणि पक्षाने त्यांना दोष दिला. बाप आणि कम्युनिस्ट या दोन भूमिकांत त्यांनी त्या प्रसंगी बापाची बाजू घेतली. पक्षाने दूषण दिले तरी त्यांनी पक्ष सोडला नाही आणि आपल्या पूर्वजांशी असलेला धागाही तोडला नाही.

१९२९ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने त्यांच्याविरुद्ध आपला उमेदवार उभा केला आणि ते पराभूत झाले. त्यानंतरही निवडणुका लढवल्या, पण संसदेचे दार पुन्हा उघडले नाही. मग रस्त्याचा कोपरा हेच त्यांचे सभागृह झाले. मार्च १९२९ मध्ये मेरठ खटल्यात तीसहून अधिक कामगार पुढाऱ्यांना पकडण्यात आले. त्यांत मुंबईचे डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर हेही होते. त्यांच्या सुटकेसाठी सकलातवालांनी इंग्लंडभर सभा घेतल्या. प्रकृती ढासळत होती, तरी बोलणे थांबले नाही. १६ जानेवारी १९३६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ब्रुकवुड येथील पारशी दफनभूमीत, जेथे मामा जमशेटजी टाटा यांचा अंत्यविश्राम आहे तेथेच, आईवडिलांच्या सान्निध्यात त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या. संपत्ती उभारणारा मामा आणि संपत्तीच्या वाटणीसाठी झगडणारा भाचा अखेर एकाच भूमीत विसावले. त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि लोकशाहीच्या रक्षणासाठी तेथे लढणाऱ्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या तुकडीला सकलातवाला यांचे नाव देण्यात आले.

आज आपल्या गावागावांतील मुले शिक्षणासाठी वसतिगृहात, नोकरीसाठी महानगरांत आणि क्वचित सातासमुद्रापार जातात. नव्या ठिकाणी कोणी आडनाव विचारतो, कोणी कागद मागतो, कोणी नुसतेच आपादमस्तक न्याहाळतो. अशा वेळी मान खाली घालावी की प्रश्न विचारावा, हा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा असतो. मुंबईतील एका सधन घरातल्या मुलाने प्रश्न विचारण्याचा मार्ग निवडला. त्यासाठी त्याने मोठ्या नोकरीवर पाणी सोडले, तुरुंगवास पत्करला आणि मायदेशाची वाट कायमची गमावली. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी जेथे जेथे आपला पहिला पगार घेतला, त्या कारखान्यात वा कचेरीत आपल्या शेजारी कमी वेतनावर कोण राबत आहे, हे एकदा डोळे उघडून पाहावे. सकलातवालांच्या कार्याचा प्रारंभ याच दृष्टीने झाला होता.