बानाख यांचा स्थिरबिंदू

विद्यापीठाची पदवी नसलेल्यास डॉक्टरेट नाही, हा दंडक सर्वस्वी गैर आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु १९२० साली पोलंडमधील ल्वूफ शहरात तो एकदा बाजूला ठेवण्यात आला, आणि गणिताचे त्यात कल्याणच झाले. ज्यांच्यासाठी हा अपवाद केला गेला ते स्तेफान बानाख.

त्यांचा जन्म ३० मार्च १८९२ रोजी क्राकूफ येथे झाला. आईवडील विवाहित नव्हते. मूल परक्या घरी वाढले. शिकवण्या करीत बानाख यांनी ल्वूफच्या तंत्रविद्यालयात अभियांत्रिकीचा अर्धा टप्पा गाठला, तोच १९१४ चे महायुद्ध पेटले. १९१६ मध्ये क्राकूफच्या उद्यानात ते मित्राशी गणिताच्या गोष्टी करीत बसले असता ह्यूगो स्टाइनहाउस या गणितज्ञांच्या कानी ते शब्द पडले. स्टाइनहाउस यांनी आपल्याला न सुटलेला एक प्रश्न त्यांना सांगितला. काही दिवसांतच उत्तर हजर झाले. बानाख हाच आपला सर्वांत मोठा शोध, असे ते पुढे म्हणत असत.

१९२० च्या प्रबंधात (तो १९२२ मध्ये छापला गेला) ते प्रसिद्ध प्रमेय आहे. एखादी क्रिया केल्याने कोणत्याही दोन वस्तूंमधील अंतर दर वेळी निदान ठरावीक प्रमाणात, समजा निम्म्याने, घटत असेल आणि ज्या अवकाशात ती घडते त्यात छिद्रे नसतील, तर त्या क्रियेने जागचा न हलणारा असा एक आणि एकच बिंदू असतो. कोठूनही निघा, क्रिया पुनःपुन्हा करा, त्याच्याच अधिकाधिक जवळ जाल. ब्राउवर यांचे त्याआधीचे प्रमेय स्थिरबिंदू आहे एवढीच ग्वाही देते. बानाख वाटही दाखवतात आणि कितव्या पावलानंतर जास्तीत जास्त किती चूक उरेल हेही सांगतात.

उदाहरण कागदावर करता येते. २ चे वर्गमूळ हवे आहे. मुद्दाम वेडगळ अंदाज घ्या, १०. २ ला त्याने भागा, आलेला भागाकार आणि अंदाज यांची सरासरी काढा, तीच नवा अंदाज माना. ५.१, २.७५, १.७४, १.४४, १.४१४५ असे आकडे येत जातात आणि सहाव्या पावलाला १.४१४२ हाती लागते. एकापेक्षा कमी नसलेल्या कोणत्याही अंदाजापासून निघाल्यास येथे चूक दर पावलाला निदान निम्मी होते. रीत प्राचीन आहे. ती का फसत नाही, हे या प्रमेयाने उलगडते. अवकल समीकरणांना उत्तर असते हे दाखवण्याची पिकार यांची पद्धतही याच सूत्रात बसते, आणि संगणकावर पुनरावृत्तीने सोडवली जाणारी कितीतरी समीकरणे याच भरवशावर सोडवली जातात.

आपल्या वर्गांतून मात्र हे प्रमेय बहुधा सिद्धतेच्या गुणांपुरते येते. पाठ केलेली सिद्धता उत्तरपत्रिकेत उतरते आणि विद्यार्थ्याने एकही आकडा जवळ सरकताना पाहिलेला नसतो. हे उलटे आहे. आधी वरील सरासरी दहा मिनिटे करून घ्यावी, मग अवकाशाची व्याख्या सांगावी. वर्गमूळ आठवीतल्या मुलालाही ठाऊक असते.

स्वतः बानाख यांना शाळेचे वावडे नव्हते. १९२७ मध्ये ते पूर्ण प्राध्यापक झाले, १९३२ मध्ये त्यांचा रेषीय क्रियांवरील महाग्रंथ फ्रेंचमध्ये निघाला. पण खर्चिक स्वभावामुळे पैशाची चणचण कायम, म्हणून अंकगणित-बीजगणिताची शालेय पुस्तकेही त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिली. बाकीचे गणित स्कॉटिश कॅफेत चाले. तेथील प्रश्नांच्या वहीत १९३६ मध्ये माझुर यांनी एका प्रश्नाला जिवंत हंसाचे बक्षीस लावले. ते १९७२ मध्ये स्वीडनच्या एन्फ्लो यांना खरोखरच मिळाले.

१९४१ च्या जुलैत जर्मनांनी ल्वूफच्या अनेक प्राध्यापकांना गोळ्या घातल्या. त्यांत बानाख यांना तंत्रविद्यालयात पहिली नोकरी देणारे लोमनिट्स्की होते आणि शालेय पुस्तकांतील सहलेखक स्टोझेकही होते. बानाख वाचले; टायफसची लस तयार करणाऱ्या वाइगल यांच्या संस्थेत उवांना आपले रक्त पाजण्याचे काम त्यांनी पत्करले होते. ३१ ऑगस्ट १९४५ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने ल्वूफमध्येच त्यांचे निधन झाले. शहर तोवर सोव्हिएत ताब्यात गेले होते, सहकारी पोलंडकडे निघाले होते, आणि ती वही त्यांच्या पत्नीने जपून ठेवली होती.