राजवाडे, जुने कागद आणि आपल्या घरातली पेटी

हिंजवडीत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांपैकी इथली मूळची थोडीच. कुणी लातूर-नांदेडकडचे, कुणी सोलापूरचे, कुणी कोकणातले. नोकरी आयटी पार्कात, फ्लॅट वाकड-माणच्या बाजूला आणि गाव दूर. मुलं विचारतात, आपल्या गावची मशीद किती जुनी? दर्गाहची जमीन कुणी दिली? मग बुजुर्ग सांगतात की एक पेटी होती, त्यात सनद होती, काही कागद वाळवीने खाल्ले, काही घर बांधताना गेले. गोष्ट तिथेच संपते.

अशा पेट्यांसाठी ज्याने आयुष्य घालवलं तो माणूस आपल्या पुण्यातच शिकला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. लोक त्यांना इतिहासाचार्य म्हणतात. जन्म १८६३ चा. वडील लहानपणीच गेले. शिक्षण रखडत-रखडत झालं आणि डेक्कन कॉलेजातून बी.ए. व्हायला १८९१ उजाडलं. पत्नी लवकर वारली. वय तिशीच्या आत होतं, तरी त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. नोकरीतही मन रमलं नाही. बी.ए. झालेल्या माणसाला त्या काळी सरकारी खुर्ची सहज मिळाली असती. यांनी खांद्यावर घोंगडी टाकली आणि गावोगाव फिरायला लागले.

फिरण्याचं कारण असं. मराठी राज्याचा सरकारी दप्तरखाना, म्हणजे पेशवे दफ्तर, इंग्रजांच्या ताब्यात होतं आणि आपल्या लोकांना तिथे सहज शिरता येत नव्हतं. इतिहास लिहिला जात होता तो इंग्रजांच्या पुस्तकांवरून. राजवाड्यांना वाटलं, सरकारचं दार बंद असेल तर असू दे. खरे कागद लोकांच्या घरातही आहेत. सरदारांचे वाडे, कुलकर्णी-देशपांड्यांची दप्तरं, मठ, काझींची घरं.

वाईला एका घरात त्यांना पानिपतच्या काळातल्या पत्रांचा मोठा साठा सापडला. त्यावरून १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ ची पत्रं आहेत. १७६१ च्या त्या लढाईत तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि मारला गेला. शाळेत त्याचं नाव ओझरतं येतं, पण त्या काळची माणसं कशी बोलत होती, पैशासाठी कशी धडपडत होती, हे या पत्रांमध्ये दिसतं. पुढे या मालेचे एकूण बावीस खंड झाले. एका माणसाने, बहुतेक पायी फिरून केलेलं हे काम आहे.

प्रत्येक घरात कागद मिळत नसत. लोकांना भीती वाटे की हा माणूस आपली जमीन किंवा इनाम काढून घ्यायला आलाय. ही भीती अगदीच खोटी नव्हती. इंग्रजांनी इनाम कमिशन नेमून सनदा तपासल्या होत्या आणि ज्यांना कागद दाखवता आला नाही त्यांची इनामं गेली होती. मंदिरं, मशिदी, दर्गाह, काझी, सगळ्यांवर ही वेळ आली. म्हणून कुणी कागद दडवून ठेवले, कुणी हरवले म्हणून सांगितलं. काही घरांत ते निरुपयोगी समजून रद्दीत गेले.

आपल्या वाचकांनी राजवाड्यांचं एक काम जरूर माहीत करून घ्यावं. आठव्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी मराठीवर फारसीचा किती असर झाला हे मोजून दाखवलं. १६२८ च्या एका कागदात शंभरातले सुमारे पंच्याऐंशी शब्द फारसी निघाले. १७२८ च्या कागदात ते सहा-सातावर आले. एकेका कागदावरून एवढा मोठा निष्कर्ष काढावा का, हा वाद घालता येईल. पण बाजारात आणि कचेरीत फिरून बघा: कागद, दफ्तर, तारीख, जमीन, वकील, हुकूम, खर्च. जुनी कागदपत्रं ज्या कापडात बांधतात त्यालाही रुमालच म्हणतात.

तारखांचीही गंमत आहे. पेशव्यांच्या ब्राह्मण कारकुनांनी लिहिलेल्या मोडी पत्रांवर महिने मोहरम, सफर, रबिलावल असे असतात. आधी 'छ' लिहिलेला असतो, म्हणजे चंद्र. वर्ष शुहूर सनाचं आणि तेही अरबी आकड्यांनी लिहिलेलं. 'सलास सबैन मया व अलफ' असं दिसलं तर मदरशात शिकलेलं कुठलंही मूल सांगेल: तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, इसवी सन १७७२-७३ आला. मोडी शिकायला काही महिने लागतात, पण हा भाग आपल्या घरात कुणाला तरी आधीच येत असतो.

राजवाड्यांचं सगळं पटेल असं नाही. त्यांची इतिहासाकडे पाहायची नजर एका बाजूची होती आणि मुसलमान राजवटींबद्दल त्यांनी लिहिलेलं बरंच आपल्याला खटकेल. स्वभावही तापट. इंग्रजीत लिहायचं नाही, लिहीन तर मराठीतच, हा हट्ट शेवटपर्यंत. मात्र कागद सापडला की तो छापायचा, ही शिस्त त्यांनी घालून दिली, आणि छापलेला कागद आपणही आपल्या नजरेने वाचू शकतो.

७ जुलै १९१० रोजी त्यांनी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्यासोबत पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. सदाशिव पेठेतलं हे मंडळ आजही चालू आहे. तिथे मराठी-मोडीबरोबर फारसी कागदही आहेत. पुढे ग. ह. खरे यांनी मंडळातूनच ऐतिहासिक फारसी कागदांचे खंड काढले. गावच्या दर्गाहची सनद शोधणाऱ्याने हे खंड एकदा चाळायला हवेत. पुणे जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर, तालुक्याच्या कचेरीतले जुने फेरफार आणि इनामाची रजिस्टरं, छत्रपती संभाजीनगरच्या वक्फ बोर्डाकडची नोंद, हे त्यानंतर. घरात मूळ कागद असेल तर त्याला लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. फोटो काढा आणि सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.

मंडळाशीही राजवाड्यांचं पुढे बिनसलं. स्वतः उभी केलेली संस्था सोडून ते धुळ्याला गेले आणि तिथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. त्यांचे कागद धुळ्यात त्यांच्याच नावाच्या संशोधन मंडळात ठेवले आहेत. पेशवे दफ्तरातले कागद निवडून छापायला सुरुवात झाली १९३० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. ते दफ्तर आता राज्य सरकारच्या पुराभिलेख खात्याकडे आहे, पुण्यातच. तिथे अर्ज द्यावा लागतो, आणि आपल्या गावाचं नाव, तालुका आणि जुना परगणा माहीत असावा लागतो. परगणा आठवणारे बुजुर्ग अजून हयात असतील तर या सुट्टीत गावी गेल्यावर तेवढं विचारून घ्या.